चंद्रिकाताईंचं शेवटचं गाणं

चंद्रिकाताई मुळगावकर गेल्याची बातमी आली तेव्हा सुलक्षणा नाहूरच्या आपल्या घरात नवऱ्याला नाचणीची पेज भरवत होती. फेब्रुवारीतली सकाळ. टीव्ही चालूच होता, कारण दत्तारामला तो बंद केलेला चालत नसे. पडद्यावर ताईंचा तरुणपणीचा फोटो आला, खाली काळी पट्टी आली आणि बातम्या देणारी मुलगी एकदम हळू आवाजात बोलायला लागली. दत्तारामने तोंडातला घोट गिळलाच नाही. तो हनुवटीवरून खाली ओघळला.

"बाई गेली गो," तो म्हणाला.

सुलक्षणाने त्याची हनुवटी पुसली. आपल्यालाही रडू येतंय असं तिला वाटत होतं, तेवढ्यात फोन वाजला. घाटकोपरचा मिथुन. त्याच्या ऑर्केस्ट्रात ती गेली कित्येक वर्षं गात होती.

"ताई, बघितलंस ना? वाईट झालं यार," मिथुन म्हणाला आणि एक श्वास घेऊन लगेच पुढे गेला. "ऐक ना, रविवारी मुलुंडला श्रद्धांजलीचा कार्यक्रम लावतोय. हॉल मिळालाय. पांढरी साडी आहे ना तुझ्याकडे?"

साडी होती. तिने हो म्हटलं.

सुलक्षणा तोरस्करची सगळी ओळख म्हणजे चंद्रिकाताईंचा आवाज. पोस्टरवर तिचं नाव बारीक असायचं आणि वर मोठ्या अक्षरात 'प्रति-चंद्रिका'. ती भांडुपच्या एका गायन स्पर्धेत गात होती तेव्हा दत्ताराम तिथे ढोलकीवर साथीला बसला होता. गाणं संपल्यावर तो तिच्या वडिलांना जाऊन म्हणाला होता, डोळे मिटले तर बाईच गातायत असं वाटतं. त्या एका वाक्यावर पुढे लग्न जमलं. लग्नानंतर त्याने तिला अक्षरशः घडवली. बाई इथे श्वास घेत नाहीत, तिथे घेतात. दुसऱ्या ओळीला बाई किंचित हसतात. तिच्या खालच्या सुरांत एक खरखर होती, ती त्याने रोज पहाटे बसवून काढून टाकली. एकदाच, नवीन असताना, तिने एका गणेशोत्सवात ताईंचंच गाणं जरा आपल्या मनाने गायलं होतं. लोक गप्प राहिले. उतरल्यावर दत्ताराम रागावला नाही. "लोकांका बाई होयी, सुलू," एवढंच म्हणाला. ती चूक तिने पुन्हा केली नाही.

आता त्याला कंपवात होता. ज्या बोटांनी अख्ख्या हॉलला ठेका धरायला लावला होता, त्या बोटांना सदऱ्याचं बटण लागत नव्हतं. मुलगी श्रुतिका लग्न होऊन घाटकोपरला होती, ती आठवड्यातून दोनदा यायची. बाकी सगळं सुलक्षणाच करायची.

मुलुंडचा कार्यक्रम झाला, मग ठाण्याचा, मग बोरिवलीचा. मार्चपासून मे संपेपर्यंत तिला दम खायला सवड मिळाली नाही. आधी वर्षभरात मिळायची नाहीत एवढी कामं त्या उन्हाळ्यात मिळाली. कार्यक्रम संपला की म्हाताऱ्या बायका स्टेजवर येऊन तिचा हात धरायच्या. एकीने तर वाकून पायाला हात लावला. सुलक्षणाने पाय मागे घेतला, पण ती बाई रडत म्हणाली, "असू दे हो, त्यांना तर कधी भेटता आलं नाही." घरी येताना सुलक्षणाला वाटायचं, आपण रोज कुणाच्या तरी तेराव्याचं जेवण जेवतोय.

जूनमध्ये कुणीतरी ताईंचं एक जुनं गाणं घेतलं, त्याच्याखाली धडधडणारा ठेका घातला आणि ते मोबाइलवर असं पसरलं की कॉलेजातल्या पोरी त्यावर नाचायला लागल्या. श्रुतिकाने आईला दाखवलं. गाणं इतकं पळवलं होतं की ताईंचा आवाज चिमणीसारखा झाला होता.

"हे झकास आहे म्हणतायत सगळे," श्रुतिका म्हणाली.

"असेल," सुलक्षणा म्हणाली. दत्तारामने तोंड फिरवलं.

त्यानंतर ऑर्केस्ट्राच्या तारखा कमी झाल्या. ज्यांना ताई हव्या होत्या त्यांना त्या आता डीजेकडे मिळत होत्या. जुलैत अंधेरीहून एक फोन आला. हर्षद नावाचा संगीत संयोजक होता, तिशीतला, बोलायला मऊ. त्याने तिला बोरिवलीच्या कार्यक्रमात ऐकलं होतं. एका गाण्याचं काम आहे म्हणाला, स्टुडिओत या.

स्टुडिओ गल्लीतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर होता. हर्षदने चहा मागवला आणि बराच वेळ कप हातात फिरवत बसला.

"ताई, रेकॉर्ड कंपनीकडे चंद्रिकाताईंची सगळी जुनी रेकॉर्डिंग आहेत," तो म्हणाला. "त्यावरून कॉम्प्युटरला त्यांचा आवाज शिकवलाय. नवीन गाणं करायचंय, गणपतीला यायला हवं. पण कॉम्प्युटरला आपणहून गाता येत नाही. आधी कुणालातरी गावं लागतं. जागा, श्वास, भाव, सगळं त्या माणसाचं. फक्त आवाज बदलायचा."

"म्हणजे मी गायचं आणि मग माझा आवाज काढून टाकायचा."

"तसं नाही..." हर्षद म्हणाला. मग त्याने कप खाली ठेवला. "हो. तसंच."

सुलक्षणा हसली. "त्यात नवीन काय आहे? मी आजवर तेच करत आलेय."

कुणाला सांगायचं नाही, अशी अट होती. तिने मान्य केली.

गाणं साधं होतं. घरचं माणूस यायला उशीर करतंय आणि बाई दाराशी उभी आहे, एवढंच. काचेच्या पलीकडे हर्षद, अलीकडे ती आणि माईक. पहिले काही प्रयत्न तिने अगदी ताईंसारखे गायले. मग अंतरा आला आणि तिला सकाळचा दत्ताराम आठवला. बटणाशी झटापट करून शेवटी त्याने सदरा तसाच सोडला होता आणि उघड्या छातीने खिडकीबाहेर बघत बसला होता, जणू बसायचंच तसं होतं. श्वास कुठे घ्यायचा ते ती विसरली. आवाज मधेच हलला, खालची ती जुनी खरखर वर आली. तिला वाटलं आता हर्षद थांबवेल. त्याने थांबवलं नाही. गाणं संपल्यावर त्याने हेडफोन काढले आणि म्हणाला, "हेच ठेवू या."

गणपती आले तेव्हा गाणं आलं. बघता बघता ते सगळीकडे झालं. रिक्षांत, दुकानांत, मंडपांत. टीव्हीवर चर्चा बसल्या, की मेलेल्या माणसाला असं गायला लावणं बरोबर की चूक. पण चर्चा करणारेही आधी म्हणत होते, अंगावर काटा येतो. लोक म्हणत, बाई परत आल्या. सुलक्षणा मंडईत मेथी निवडत असताना शेजारच्या गाडीवर ते गाणं लागलं आणि भाजीवाली तिला म्हणाली, "ऐक, ऐक. काय गायलीय." सुलक्षणाने ऐकलं. जागा तिच्या होत्या, हललेला अंतरा तिचा होता. आवाज मात्र ताईंचा, पंचविशीतला, आरशासारखा स्वच्छ.

घरी ते गाणं तिने लावलं नव्हतं. धीर होत नव्हता, आणि का होत नव्हता हेही कळत नव्हतं. खरं म्हणजे ती वाट बघत होती. सबंध मुंबईत एकच माणूस होता, जो ते गाणं ऐकून म्हणू शकला असता की सुलू, ही तू आहेस. पहाटेच्या अंधारात तिचा एक एक श्वास त्याने मोजला होता.

गौरी गेल्यावर एका संध्याकाळी ती त्याला चाकाच्या खुर्चीतून खालच्या मंडपात घेऊन गेली. आरती झाली आणि मंडळाच्या पोरांनी ते गाणं लावलं. दत्ताराम खुर्चीत ताठ झाला. त्याचा हात थरथरत होता तो थरथरतच राहिला, पण डोळे मिटले. अंतऱ्याला त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. गाणं संपेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

"बघलंस?" तो म्हणाला. "असो आवाज परत होवचो नाय."

तिने आजूबाजूला बघितलं. पोरं दिव्यांच्या वायरी ओढत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. ती त्याच्या कानाशी वाकली.

"अहो, ते मी गायलंय."

त्याने तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करतेय असं त्याला वाटलं असावं, कारण तो हसला.

"खरंच सांगते. अंधेरीला जाऊन गायले. माझ्यावर त्यांचा आवाज चढवलाय मशीनने. गाणं माझं आहे."

दत्तारामने आपला थरथरता हात तिच्या हातावर ठेवला. लहान पोराला समजवावं तसं तो म्हणाला, "नाय गो. अंतऱ्यात आवाज कसो हलता, ऐकलंस मा? ता शिकान येवचा नाय. ता बाईचाच."

सुलक्षणाने खुर्ची वळवली.

"तुका राग इलो?" वाटेत त्याने विचारलं.

"नाही ओ. राग कसला," ती म्हणाली. लिफ्टमध्ये ती त्याच्या मागे उभी होती म्हणून त्याला तिचा चेहरा दिसला नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात त्याच्या छातीत कफ भरला. मुलुंडच्या हॉस्पिटलात नेलं. पहिले दोन दिवस तो बरा वाटला, मग बोलणं कमी झालं. श्रुतिका नवऱ्याला घेऊन आली, डॉक्टरांनी तिला बाजूला बोलावलं, आणि ती परत आली तेव्हा तिने आईकडे बघायचं टाळलं. सुलक्षणाला कळायचं ते कळलं.

शेवटच्या दुपारी दत्ताराम जागा झाला. ओठ सुकले होते. तिने कापसाने पाणी लावलं.

"सुलू, बाईचा ता गाणा लाव," तो म्हणाला.

तिने मोबाइल त्याच्या उशीशी ठेवला आणि आवाज बारीक केला. गाणं सुरू झालं. अंतरा येईपर्यंत तिला वाटत होतं की आता पुन्हा सांगावं. मशीनचं सांगायचं नाही, अंधेरीचं नाही, एवढंच म्हणावं की ही मी आहे. त्याने डोळे मिटले होते, चेहऱ्यावरचा ताण गेला होता. इतकं सुख त्याला बऱ्याच महिन्यांत मिळालं नव्हतं. तिने सांगितलं नाही. गाणं संपलं की ती परत लावत राहिली. असं किती वेळा लावलं कुणास ठाऊक. केव्हातरी नर्स आली, तिने मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, बंद करा आता."

दिवस झाले, माणसं येऊन गेली. मालवणहून दीर आले होते, तेही परतले. नोव्हेंबरमध्ये चंद्रिकाताईंच्या घरच्यांनी त्या गाण्याला हरकत घेतली. आईच्या गळ्याचा असा वापर आम्हाला मान्य नाही, असं त्यांच्या मुलाने टीव्हीवर सांगितलं. शांतपणे बोलत होता. सुलक्षणाला तो पटला. आपल्या आईबद्दल श्रुतिका असंच बोलली असती, असं तिला वाटलं. कंपनीने गाणं मागे घेतलं. एका सकाळी तिने मोबाइलवर ते शोधलं तर तिथे काहीच नव्हतं. नुसती राखाडी चौकट.

मग ती रडली. हॉस्पिटलात नाही, स्मशानातून लोक परतले तेव्हा नाही, त्या राखाडी चौकटीपुढे ओट्याला टेकून रडली. त्याने शेवटचं ऐकलं ते आता जगात कुठेच नव्हतं.

डिसेंबरात टीव्हीवर वर्षभरातल्या संगीताच्या घडामोडी दाखवायला लागले. ताईंची अंत्ययात्रा, पोरींचा नाच, गणपतीतलं गाणं, त्यावरचा वाद. सगळं मिळून चहा निवेपर्यंत संपलं. त्याच आठवड्यात मिथुनने फोन केला. "ताई, थर्टी फर्स्टला येशील ना? पण चंद्रिकाताई नको, लोकांना कंटाळा आलाय यंदा. दुसऱ्या कुणाचं बसव काहीतरी."

"दुसऱ्या कुणाचं मला येत नाही रे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती अंधेरीला गेली. हर्षद तिला बघून उठून उभा राहिला. दत्ताराम गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. ऐकून त्याने मान खाली घातली.

"ते गाणं मिळेल का?" तिने विचारलं. "माझ्यापुरतं."

"ते नाही देता येणार, ताई. सगळं पुसून टाकायला लावलंय." तो जरा घुटमळला. "पण तुम्ही गायलेलं आहे. मशीनच्या आधीचं. त्यात ताईंचं काहीच नाही, म्हणून ते कुणी मागितलं नाही."

त्याने ते लावलं. सुलक्षणा खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती. जाड झालेला, जरासा थकलेला आवाज. वरचे सूर ताईंसारखे, खाली आला की खरखरीत. ताईंच्या गळ्यात अंतरा सुंदर हलला होता, इथे तो नुसता तुटला होता. दत्तारामने हे ऐकलं असतं तर पहिल्यांदा म्हणाला असता, श्वास चुकलो. त्यानंतर काय म्हणाला असता, ते तिला कितीही विचार केला तरी सांगता येईना. विचारायला तो नव्हता.

"पाठवू?" हर्षदने विचारलं.

"पाठव."

रविवारी श्रुतिका आली तेव्हा सुलक्षणा भात शिजायची वाट बघत होती आणि मोबाइल ओट्यावर वाजत होता. श्रुतिका चपला काढता काढता थांबली.

"हे तेच गाणं ना? पण कोण गातंय हे?"

"मी."

श्रुतिका आत आली आणि ओट्याजवळ उभी राहून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबांनी ऐकलं होतं?"

सुलक्षणाने गॅस बारीक केला.

"ऐकलं होतं," ती म्हणाली.

"आवडलं त्यांना?"

"खूप," सुलक्षणा म्हणाली आणि ताटं घ्यायला वळली.