दुसऱ्या भागाची समीक्षा

किशोर जाधव नोकरीने पाटबंधारे खात्यात कारकून होता, पण नाशिकमध्ये त्याला लोक ओळखत ते सिनेमावाला म्हणून. एका सांजदैनिकात दर गुरुवारी तो येणाऱ्या सिनेमांबद्दल लिहायचा. लिहायचा तिखट, आणि लोकांना ते आवडायचं.

२००३ च्या उन्हाळ्यात यंत्रमानवांच्या एका इंग्रजी सिनेमाचा दुसरा भाग हिंदीत डब होऊन येणार होता. पहिला भाग किशोरला मनापासून आवडला होता. त्यात माणसं होती, त्यांची दुःखं होती, यंत्रं नंतर होती. दुसऱ्याची मात्र जाहिरात बघूनच तो वैतागला. इमारती कोसळतायत, आकाशातून लोखंड पडतंय, नायक नुसता पळतोय. सिनेमा यायच्या आधीच त्याने लेख लिहून टाकला. शेवटी लिहिलं, ‘यात गोष्ट शोधू नका. बोलण्यासारखं कुणाकडे काही नसावं. ठार बहिऱ्यालाही हा सिनेमा पूर्ण कळेल!’

संपादक खो खो हसले. किशोरही हसला.

त्याचा धाकटा भाऊ नवनाथ जन्मापासून ठार बहिरा होता. दोघं जेल रोडला एकाच घरात, आईजवळ राहत. नवनाथ सातपूरच्या एका कारखान्यात पंचिंग मशीन चालवायचा. मूकबधिर शाळेत शिकल्यामुळे सावकाश का होईना, मराठी वाचायचा. हे सगळं किशोरला माहीत होतं. तरी ते वाक्य लिहिताना नवनाथ त्याच्या मनात एकदाही आला नव्हता.

शुक्रवारी नवनाथ कामावरून आला तो चेहरा फुलवूनच. पेपरातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या कानावर, मग अंगठा उंच केला. रविवारी आम्ही सगळे मित्र जाणार, तूही चल, असं त्याने खुणेने सांगितलं. किशोरला आधी काही उमगेना. मग उमगलं. भावाला तो लेख शिफारस वाटला होता. त्याने येतो म्हणून मान हलवली.

रविवारी दुपारी थिएटरच्या पायऱ्यांवर नवनाथचे आठ-दहा मित्र जमले होते. कुणी कारखान्यातले, कुणी जुन्या शाळेतले. सगळ्यांचे हात एकाच वेळी बोलत होते. धोंडीराम नावाचा एक उंच माणूस बहिणीला घेऊन आला होता. तिचं नाव मोहिनी. तिला ऐकू येत होतं आणि खुणांची भाषाही तिला चांगली येत होती.

“किशोरभाऊ तुम्हीच ना?” तिने विचारलं.

“हो.”

“लेख वाचला मी.” ती म्हणाली. “यांना मी काही सांगितलेलं नाही.”

किशोर काही बोलणार तोच धोंडीराम पुढे आला आणि भराभर हात हलवू लागला. मोहिनीने किशोरकडे न बघता सांगितलं, “दादा म्हणतो, आजवर पेपरात आमच्यासाठी कुणी लिहिलं नव्हतं. तुमचे उपकार झाले.”

धोंडीरामने त्याचा हात दोन्ही हातांत धरून जोराने हलवला. किशोरला तो सोडवूनही घेता येईना.

सिनेमा त्याने लिहिलं होतं तसाच होता. लोखंड लोखंडावर आदळत होतं. पण शेजारची रांग आवाजाचे हादरे कळावेत म्हणून खुर्च्यांच्या हातांवर तळवे टेकवून बसली होती. स्फोट झाला की ते सगळे एकदम हसत आणि पडद्याच्या उजेडात एकमेकांशी हातांनी बोलत. मागून कुणीतरी ओरडलं, “ए मुक्यांनो, हात खाली करा! दिसत नाही आम्हाला!”

दोन-चार जण हसले. किशोरने मान वळवायला हवी होती. पण कुठल्या तोंडाने? त्याने याहून वेगळं काय केलं होतं? तो समोर बघत राहिला. मोहिनी मात्र उठून उभी राहिली. “तिकीट काढून आलेत ते,” ती म्हणाली, आणि मागचे गप्प झाले.

मध्यंतराच्या आधी सिनेमात अचानक सगळं थांबलं. एक म्हातारा शास्त्रज्ञ नायकाशी बराच वेळ बोलत बसला आणि शेवटी रडला. यंत्रं त्यानेच बनवली होती, मेलेल्या मुलाची आठवण म्हणून. दिवे लागताच सगळे किशोरभोवती जमले.

“विचारतायत, म्हातारा का रडला?” मोहिनी म्हणाली. “तुम्ही तर लिहिलं होतं, सगळं कळेल.”

किशोरला घरच्या पाच-पन्नास खुणांपलीकडे काही येत नव्हतं. एवढ्या वर्षांत तो भावाची भाषा शिकलाच नव्हता. तो तोंडाने सांगत गेला, मोहिनी हातांनी. मुलगा मेल्याचं कळल्यावर धोंडीरामने कपाळाला हात लावला.

सिनेमा सुटल्यावर दोघं भाऊ बसस्टॉपवर उभे राहिले. किशोरने नवनाथचा खांदा धरून त्याला आपल्याकडे वळवलं. ‘मी ते चांगलं म्हणून लिहिलं नव्हतं,’ त्याने खुणांनी कसंबसं सांगितलं. ‘चेष्टा होती.’

‘सिनेमाची?’ नवनाथने विचारलं.

किशोरने नकारार्थी मान हलवली आणि नवनाथच्या कानाला बोट लावलं.

नवनाथने खांद्यावरचा हात काढून खाली ठेवला. बस आली तेव्हा तो पुढे जाऊन एका म्हाताऱ्याशेजारी बसला. उतरल्यावर मात्र तो थांबला आणि रस्त्याच्या कडेला खुणेने म्हणाला, ‘त्यांना सांगू नको. धोंडीराम खूश आहे.’

घरी त्यांच्या आईने, वत्सलाबाईंनी हातवारे करत विचारलं, “कसा होता रे पिक्चर?” नवनाथने छान म्हणून खूण केली आणि पाय धुवायला गेला.

पुढच्या गुरुवारच्या लेखात किशोरने माफी लिहून नेली. “कुणी तक्रार केलीय का?” संपादकांनी विचारलं. तो नाही म्हणाला. “मग कशाला उकरून काढतोस?” त्यांनी ती ओळ खोडली. किशोरने थोडी हुज्जत घातली आणि मग नाद सोडला.

काही दिवसांनी बिटको चौकात धोंडीराम सायकलवरून जाताना दिसला. किशोर त्याला टाळून दुकानात शिरणार होता, पण धोंडीरामने त्याला आधीच बघितलं होतं. सायकल लावून तो आला आणि हसत हसत तीन बोटं दाखवली. तिसरा भाग कधी? किशोरला माहीत नव्हतं, आणि तेवढंही नीट सांगता येत नव्हतं. तो हात अर्धवट उचलून भर चौकात तसाच उभा राहिला.