अवेळी फिरलेला ऊद

उशांच्या फटीत हात गेला आणि बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं. बोटाएवढी जांभळी नळी... व्हेप, ती वाफेची सिगारेट. टोक अजून कोमट. हमूदनं ती मुठीत झाकली. आंब्याचा वास — औषधाच्या बाटलीतून यावा तसा.

कोमट, म्हणजे आत्ताच कुणीतरी ओढलेली. समोर तिघंच होते.

आणि शमलान यायचा होता. शाळेपासूनचा दोस्त, युद्धात तेलविहिरी पेटल्या त्या वर्षापासून त्या धुरानं छातीनं अधू. गेल्या मंगळवारी याच दिवाणियात, घरच्या या पुरुषांच्या बैठकीत, खोकून खोकून निळा पडला, आणि उठताना म्हणाला, "हमूद, तुझ्या बैठकीत एक तर ही वाफ बसेल, नाहीतर मी. ठरव."

त्यावर पुतण्या धारी मांडी न मोडता म्हणाला होता, "काका, तुमच्या उदाचा तो सुगंध, आणि आमची वाफ तेवढी विष? पाहुण्यांना नियम लावायचे तर दारावर पाटी लावा, शाळा म्हणून!" सगळे हसले. हमूदही हसला होता... का हसलो मी?

धारी लपवणार नाही, ओढायची तर तोंडावर ओढेल. शेजारचा याकूब — त्याचा उजवा हात मघापासून बाहीत का आहे? आणि मिशाल. स्वतःचा मुलगा, कॉफी ओततोय, सकाळपासून नजर देत नाही. अंगणात शपथ घेतली होती त्यानं, सोडली म्हणून...

बाहेर गाडीचं दार वाजलं. मागोमाग ओळखीचा खोकला.

वास मारायला हवा, एवढंच सुचलं. हमूदनं निखाऱ्यावर ऊद टाकला आणि धुपाटणं याकूबपुढे धरलं. याकूबनं चमकून पाहिलं, धूर डोक्याच्या रुमालात घेतला आणि उठला. "अल्ला बरकत देवो, बू मिशाल," मिशालचा बाप म्हणून हमूदला सगळे मारत ती हाक मारत तो म्हणाला.

"आज लवकर हाकललंत, काका!" धारीही उठला.

तेव्हा कळलं. ऊद शेवटी फिरतो. तो घेतला की पाहुण्यांनी निघायचं.

दारात शमलान एक चप्पल काढून उभा होता. त्यानं धुपाटणं पाहिलं, उठणारी माणसं पाहिली, पाय पुन्हा चपलेत घातला.

"उंबऱ्यावरच उत्तर दिलंस. बरं केलंस."

"अरे, तसं नाही रे... शमलान, ऐक तरी—"

त्याचा हात धरायला हवा होता. पण एका हातात धुपाटणं, दुसऱ्यात ती नळी. मूठ उघडली तर सगळ्यांदेखत... मिशाल तिथंच उभा होता. हमूदनं मूठ उघडली नाही. गाडी निघून गेली.

मिशाल पेले गोळा करत होता. त्यानं बापाच्या चेहऱ्याकडे नाही, मुठीकडे पाहिलं. की तसा भास झाला? विचारावं... हमूदनं धुपाटणं तेवढं खाली ठेवलं.

घाईत विसरलो, असं फोनवर सांगता येईल. शमलान मानेलही. पण जन्मभर पाळलेला रिवाज हात असा विसरतो? की जे मला तोंडानं ठरवता येत नव्हतं, ते या हातानं परस्पर ठरवून टाकलं — कुणाला राखायचं आणि कुणाला...

नळी अजून कोमट होती. आता ती ऊब माझ्याच तळव्याची होती; मघाची कुणाची? तीही माझ्याच बोटांची नव्हती कशावरून, आणि आज कुणी ती ओढलीच नसेल तर?