घारीची सावली

मुंबईची नोकरी सुटली आणि सुधीर रिमोटचं विमान घेऊन पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीवर परतला. हात नवा, त्यामुळे उतरवताना दर वेळी पंख मोडायचा. झाडं आडवी येऊ नयेत म्हणून आज तो शेळ्या चरतात त्या कड्यालगतच्या सड्यावर, उघड्या माळावर आला.

"शेळ्यांवर नको नेऊस रे," तिथे शेळ्या राखणारी आई, विठाबाई, म्हणाली. "घार दिसली की कडाबिडा बघत नायत त्या."

म्हातारीचं आपलं काहीतरी, म्हणत त्याने विमान उडवलं. ते वळवता मात्र येईना. सावली कळपावरून सरकली, तशा शेळ्या कड्याकडे उधळल्या. विठाबाई हात पसरून त्यांना आडवी गेली. शेळ्यांच्या लोंढ्याबरोबर तीही दरीत गेली.

सुधीरच्या हातातून रिमोट गळून पडला. विमान तरंगत आलं आणि पहिल्यांदाच, पंख न मोडता, गवतावर टेकलं.