भिंतीबाहेरचं कडवं

स्वतः रचलेल्या त्या गीतातून पाळकबाई मोनिका वाघमारेंना काय मिळणार होतं, हे मुरुमच्या ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या गीतपुस्तकात नाव येणार होतं, आणि ‘बाईमाणूस काय उपासना चालवणार’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होणार होती. गीत होतंच तसं. देवाच्या पंगतीत नवऱ्यानं टाकलेलीला, वांझ म्हणून हिणवलेलीला, तृतीयपंथीयालासुद्धा पाट मांडलेला होता. चौथ्या कडव्यात मंडळीतल्याच शिवकन्येला नावानं हाक होती. तिनं विहिरीत जीव दिला, म्हणून पंचांनी तिला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरायला लावलं होतं.

“साऱ्या जगाला बसवा की पंगतीत,” पंच अंबादास गोड हसून म्हणाले, “फकस्त ती नको. न्हायतर पुस्तकासाठी आमची शिफारस न्हाय.”

बाईंनी कडवं गाळलं. गीत छापून आलं.

रविवारी तीन कडवी गाऊन झाली, पेटी मिटली, तरी कुणी खाली बसेना. दफनभूमीच्या भिंतीकडच्या खिडकीतून चौथं कडवं ऐकू येत होतं. बाईंनी ते पंचांखेरीज कुणाला दाखवलंही नव्हतं. पंच पुस्तकात मान घालून उभे होते.

शिवकन्येची आई तारामती पुढं आली.

“पाळकबाई, तिला आत घ्या की. लई ऊन हाय भाईर.”

बाईंनी खिडकीकडं पाहिलं, आणि घाईघाईनं आशीर्वाद म्हणून उपासना संपवली.

बाईंना नाव मिळालं, पुस्तकाला गीत मिळालं, पंचांचा शब्द राहिला. किंमत तेवढी शिवकन्येनं मोजली, आणि तीही दुसऱ्यांदा.