निघण्याआधीचं बसणं

नेल्याला रशियन सैनिकांपेक्षा झान्नाची धास्ती जास्त होती. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. प्रकल्पाच्या कामगारांसाठी वसवलेल्या स्लावुतिचमधल्या बायका चर्चमध्ये मेणबत्त्या लावत होत्या, कारण सैन्य घुसलं तेव्हा चोर्नोबिलच्या प्रकल्पात जी पाळी कामावर होती, ती तिथेच अडकली होती. आता तिसरा आठवडा संपत आला होता. नेल्याही मेणबत्ती लावायची. मागणं मात्र वेगळं असायचं: देवा, माझ्या तोलिकला सुखरूप ठेव, आणि त्या झान्नापासून लांब ठेव.

तोलिक प्रकल्पात इलेक्ट्रिशियन, आणि झान्ना त्याच पाळीची स्वयंपाकीण. दोघं लहानपणी प्रकल्पाशेजारच्या प्रिप्यात शहरात एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर राहायचे. अणुभट्टी फुटली तेव्हा एकाच बसमधून बाहेर पडले. नेल्या पोल्ताव्हाची, लग्न करून इकडे आलेली. नुसती बाई असती तर नेल्याने तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण या दोघांचं मिळून एक शहर होतं, ओस पडलेलं, विषारी, आणि त्यात नेल्याला जागा नव्हती.

प्रकल्पातून गावात एकच फोन लागायचा. प्रत्येकाच्या वाट्याला चार वाक्यं यायची.

"जेवलास का?"

"जेवलो. पीठ संपत आलंय, पण झान्ना कशातून काय करेल नेम नाही. केसही कापून दिले तिने."

"वा. नखं पण कापली का?"

"अगं, इथे लोक बंदुका रोखून उभे आहेत आणि तू..."

"तुझे केस मी कापते, तोलिक. लग्न झाल्यापासून मीच कापते."

फोन कटला. नेल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती रात्रभर उतरली नाही.

दोन दिवसांनी निरोप आला की सैनिक पाळी बदलू द्यायला तयार आहेत. अट एकच: ज्या कामाचा माणूस आत जाईल, त्याच कामाचा बाहेर येईल. जाणाऱ्यांनी आपणहून पुढे यायचं होतं. नेल्याही प्रकल्पाच्या कँटीनमध्ये स्वयंपाकीणच होती, दुसऱ्या पाळीला. तिने पहिल्या झटक्यात हात वर केला.

"वाघीण आहेस गं तू," शेजारची राइसा डोळे पुसत म्हणाली. "लांडग्याच्या तोंडात चाललीस."

"कुणीतरी जायला हवंच ना," नेल्या म्हणाली. मनातला हिशेब सरळ होता. ती आत गेली की झान्ना बाहेर. तोलिक निरोपानंतरच्या फोनवर म्हणाला होता की इलेक्ट्रिशियन मिळत नाहीये, त्याला राहावंच लागेल. म्हणजे नवरा तिच्याजवळ आणि सटवी नदीपलीकडे.

बसने नदीपर्यंत, मग कोळ्याच्या होडीतून पलीकडे. होडीत शेजारी एक इलेक्ट्रिशियन बसला होता, ऐन वेळी तयार झालेला. नेल्याने त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही. ती पर्समधली कात्री चाचपत होती. नाक्यावर सैनिकाने तीच नेमकी काढून घेतली.

"ही कशाला?"

"नवऱ्याचे केस कापायला."

तो हसला आणि कात्री खिशात टाकली.

प्रकल्पाच्या कँटीनमध्ये झान्ना भेटली. ती निम्मी उरली होती. तिच्या चेहऱ्यावर ना रंग ना पावडर. नेल्या तिच्यात खोट शोधत होती, पण सापडली ती फक्त थकलेली बाई. उंबऱ्यावर ओलं फडकं मात्र नीट घडी घालून ठेवलेलं होतं.

"हे सुकू देऊ नकोस," झान्ना म्हणाली. "हे लोक लाल जंगलातल्या किरणोत्सर्गी मातीत खंदक खणतात आणि तेच बूट घेऊन जेवायला येतात. सांगून काही उपयोग नाही." मग अंगातला ॲप्रन काढून तिच्या हातात देत तिने विचारलं, "तू येतेयस हे तोलिकला माहीत आहे?"

"नाही."

"अरे देवा," झान्ना हळूच म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

नेल्या ॲप्रन बांधून तिच्या मागोमाग बाहेर आली. जाणारे प्रवासाआधी बसले होते. घरून निघताना प्रथेप्रमाणे बसतात तसे, मिनिटभर, गप्प. झान्ना बाकावर जाऊन बसली. तिच्या शेजारी मांडीवर बॅग घेऊन तोलिक बसला होता.

त्याने मान वर केली. नेल्याला पाहिलं. त्या मिनिटात कुणी बोलत नाही, नाहीतर वाट वाईट होते, म्हणून दोघंही बोलले नाहीत. नेल्याला होडीतला इलेक्ट्रिशियन आठवला. तो तोलिकच्या जागी आला होता. तिने स्वतःच्या हातांनी त्या दोघांना एका होडीत बसवलं होतं.

सगळे उठले. झान्ना उठली. तोलिक बसून राहिला.

"चल रे, बस सुटेल," पाळीचा प्रमुख दारातून म्हणाला.

"मी नाही येत. माझ्या जागी म्हाताऱ्या फेदीरला न्या, तोही इलेक्ट्रिशियनच आहे आणि त्याची छाती दुखतेय." तोलिकने बॅग खाली ठेवली.

बस गेली. आवारात सैनिकांचे बूट वाजत होते.

"घरी चाललो होतो," तोलिक म्हणाला. "तुझ्याकडे. न सांगता दारात येऊन उभा राहणार होतो. आणि तू इथे येऊन बसलीस. का आलीस, नेल्या?"

नेल्याला रडू कोसळलं. तो आज रात्री आपल्या गादीवर झोपला असता. आता दोघंही आत होते, आणि ते तिनेच केलं होतं. तिने त्याच्या मानेवरून हात फिरवला. केस फार सुबक कापले होते.

"मग तिच्या शेजारी का बसलास?"

"जागा नव्हती गं दुसरी."

नेल्याने डोळे पुसले आणि बाकाकडे पाहिलं. बाक चांगला लांब होता.