लेखनिक नको

शिवाजी पेठेत शिवम्मा कोरे यांना शिवम्मा म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. कुरुंदवाडहून लग्न होऊन आल्या आणि अक्का झाल्या, त्या कायमच्याच. तालमीच्या मागच्या बोळात, जिना चढून वर, त्यांचा टायपिंगचा क्लास. सरकारी नोकरीची आस लावून बसलेली पोरंपोरी तिथं सकाळ-संध्याकाळ कीबोर्ड बडवत. अक्कांचे नियम दोनच. दहाच्या दहा बोटं वापरायची आणि बोटांकडं बघायचं नाही. कुणी चोरून बघू नये म्हणून त्यांनी सुताराकडनं लाकडी खोकी करून घेतली होती. हात खोक्याच्या आत, नजर समोर. ज्याला हे जमत नाही त्यानं खुशाल वडापावची गाडी टाकावी, असं त्या तोंडावर सांगत, आणि ऐकणाऱ्याला ते मुकाट्यानं ऐकून घ्यावं लागे.

बाळासो चौगुले आपल्या आठवीतल्या मुलीला घेऊन आला तेव्हा अक्का कुणाला तरी असंच झाडत होत्या. बाळासो गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. एरवी त्याचा आवाज चार दुकानं ओलांडून जातो, पण त्या दिवशी तो दारातच घुटमळला.

"अक्का, हिला समदं येतंय ओ. काय बी इचारा. पर कागदावर उतरत न्हाय."

खरंच उतरत नव्हतं. संयोगितानं स्वतःचं नाव लिहून दाखवलं. पेन मुठीत आवळून, ओठ चावून लिहिलं, तरी अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली. एकेका अक्षराचा आकार आठवता आठवता डोक्यातलं वाक्य उडून जायचं. पाचवीपासून बाईंनी तिला आळशी म्हटलं, हातावर छड्याही मारल्या. शेवटी दवाखान्यातल्या मॅडमनी तपासून सांगितलं की पोरगी हुशार आहे, लिहिण्याचीच अडचण आहे, आणि ती मार देऊन जाणारी नाही. मग शाळेनं सहामाहीला लेखनिक दिला. म्हणजे हिनं शेजारी बसून सांगायचं आणि सातवीतल्या एका मुलीनं लिहायचं.

"त्यात तर मार्क पडले बक्कळ," बाळासो म्हणाला. "मी पेढे आणले. हिनं पेढ्याला हात लावला न्हाय."

"का गं?" अक्कांनी विचारलं.

"मी सांगितलं, मला फुटबॉल आवडतो, पर मॅच झाल्यावर गल्लीत हाणामारी हुती, त्यात माझ्या काकाचा दात पडला. म्हणून मला फुटबॉल आवडतो आनि फुटबॉलवाले आवडत न्हाईत. तिनं लिवलं, खेळामुळे शरीर सुदृढ राहते व एकात्मता वाढीस लागते." संयोगितानं ते शेवटचं वाक्य नाकातून म्हटलं. "ते मार्क तिचे हायेत. वार्षिकला मला लेखनिक नको. माझं मी लिवणार."

अक्कांना ती पोरगी तिथल्या तिथं आवडली. तसं दाखवायची त्यांची पद्धत नव्हती. "उद्यापास्नं ये," त्या म्हणाल्या, "आनि नखं काप."

पुढचे काही आठवडे दोघींच्याही सत्त्वपरीक्षेचे गेले. संयोगितानं खोक्यात हात घातले की करंगळी उचलायच्या जागी शेजारचं बोट उठे. डावा हात हलवायचा तर उजवाही हले. क्लासातली बाकीची पोरं पाचव्या धड्यावर गेली, ही पहिल्याच ओळीवर. अक्का ओरडत, "करंगळी! करंगळी म्हटलं की मी!" पोरगी पुन्हा चुके. ओरडून करंगळी हलत नसते, हे अक्कांना कळायला हवं होतं. पण चाळीस वर्षं ज्या रस्त्यानं शेकडो पोरं सुखरूप गेली तोच रस्ता एखाद्या पोरीला बंद असेल, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

एका संध्याकाळी संयोगितानं खोका उचलून बाकाखाली ठेवला. दोन्ही हातांची तर्जनी बाहेर काढली आणि कीबोर्डाकडं खुशाल डोळे लावून टाइप करू लागली. हळूहळू, पण न थांबता. अक्का दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या तोंडात शब्द आलेही होते, कोंबडी दाणे टिपतीय तसलं काय चालवलंयस, म्हणून. पण त्यांच्या आधी मागच्या बाकावरनं कुणीतरी नेमकं तेच म्हणालं आणि अख्खा क्लास खिदळला.

स्वतःचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना अक्कांना लाज वाटली. चांगलीच वाटली. आणि लाज वाटली की त्यांना राग येई.

"सुम्म बसा की रे, गप!" त्या अशा कडाडल्या की खालच्या बोळातलं कुत्रं उठून गेलं. "दात काढायला आलाय का हितं? दहा बोटं असून तुम्हाला एक धड ओळ येत न्हाय!"

मग त्या संयोगिताच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. पडद्यावर तिनं लिहिलं होतं, अक्का वरडल्यावर त्यांची मान लाल होते. त्यांना वाटतं मी मुद्दाम करते. मला दहा बोटं जमत न्हाईत. मला लिवायचं हाय, सर्टिफिकेट नको.

अक्कांनी ते दोनदा वाचलं आणि पदरानं चष्मा पुसला.

"मान लाल हुती व्हय माझी?"

"लई."

"हुंदे. चालू दे तुझं. पेपरात बोटं मोजायला कोन येतंय!"

त्या दिवसापासून तो खोका कोपऱ्यात पडला. संयोगिताची दोन बोटं चांगलीच धावायला लागली. कळांच्या जागा तिला पाठ झाल्या. डोक्यातलं वाक्य आता उडून जायच्या आत पडद्यावर येऊ लागलं. एकदा तिनं काकाच्या दाताची गोष्ट अख्खी लिहून काढली आणि बाळासोनं ती दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखवली, काकाच्या समोरच.

वार्षिक परीक्षेआधी तिघं शाळेत गेली. मुख्याध्यापक विजयसिंह सरनोबत काही वाईट माणूस नव्हते. पण नियमाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. त्यांनी चहा मागवला आणि नकार दिला.

"लेखनिकाची सोय आहे ना! कॉम्प्युटर कशाला? तो पुढचा शब्द स्वतःच सुचवतो, चुका सुधारतो. उद्या दुसरे पालक विचारतील, पेपर मुलीनं लिहिला का मशीननं? मी काय सांगू?"

"सुचवायचं बंद करता येतंय की, सर," अक्का म्हणाल्या.

"बंद आहे हे मी कसं ओळखणार? नाही. लेखनिक घ्या, नाहीतर हातानं लिहा."

बाहेर आल्यावर बाळासो पोरीची समजूत काढू लागला. एवढ्या साली लेखनिक घिऊया, पुढं बघू.  संयोगिताच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं आणि ते पडू नये म्हणून तिनं मान ताठ वर धरली होती. अक्कांनी ते बघितलं. ह्या पोरीनं कुणाकडं काय फुकट मागितलं होतं? स्वतःचा पेपर स्वतः लिहू द्या, एवढंच ना?

"मशीनला डोकं नको म्हणतोय न्हवं त्यो?" त्या म्हणाल्या. "बिनडोक मशीन दिऊया की मग त्येला."

टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर आल्यावर अक्कांनी क्लासातली जुनी टाइपरायटरं विकली होती. एक मराठी मशीन तेवढं माळ्यावर राहिलं होतं. आठवण म्हणून वगैरे मुळीच नाही. भंगारवाल्यानं त्याला लोखंडाचा भाव सांगितला, म्हणून अक्कांनी भंगारवाल्याला जिन्यावरनं हाकललं होतं. आता बाळासोनं शिलाई मशीनचं तेल घालून त्याचे सगळे सांधे मोकळे केले. वाळलेल्या रिबनीला अक्कांनी शिक्क्याची शाई पाजली. अक्षरांच्या जागा कॉम्प्युटरवर शिकवल्या तशाच होत्या, फक्त जोर लावावा लागे. नाजूक करंगळ्यांचं तिथं कामच नव्हतं. संयोगितानं पहिला दणका दिला, काळंभोर अक्षर कागदावर उमटलं, आणि ती एवढ्या मोठ्यानं हसली की खालून तालमीतल्या पोरांनी वर बघितलं.

मराठीच्या पेपरादिवशी रेक्झिनमध्ये गुंडाळलेलं मशीन रिक्षातनं शाळेत आलं. बाळासोनं ते व्हरांड्यातल्या बाकावर ठेवलं. विजयसिंह सर धावतच आले.

"हे काय आणलंय?"

"ह्येला सुचवता येत न्हाय, सर," अक्का म्हणाल्या. "चूक पुसता बी येत न्हाय. जे उमटंल ते पोरीचं."

"अहो, आवाज केवढा याचा! मुलं पेपर कशी लिहिणार?"

"येगळ्या खोलीत बसवा."

"खोलीवर देखरेखीला माणूस कुठून आणू? लेखनिक तयार उभी आहे. चल, संयोगिता, वेळ घालवू नकोस."

सातवीतली ती मुलगी खरोखरच दारात पॅड घेऊन उभी होती.  भांडायला अक्का कधी कमी पडल्या नव्हत्या, पण घंटा व्हायला आली होती आणि शाळा सरांची होती. 

तेवढ्यात मशीन वाजायला लागलं. संयोगितानं कागद चढवला होता आणि बाकापुढं उभ्या उभ्याच ती बडवत होती. खाडखाड आवाज व्हरांडाभर घुमला. वर्गावर्गातनं माना बाहेर आल्या.

"थांब! थांब म्हणतो ना!"

ती थांबली नाही. ओळ संपली, घंटी वाजली, तिनं रूळ सरकवला आणि पुढची ओळ धरली. सर तिचा हात धरायला म्हणून जवळ गेले आणि कागदाकडं बघून तिथंच थांबले.

कागदावर होतं, सर म्हणतात आवाज केवढा. मागच्या टायमाला मी आवाज केला न्हवता तर माझं कुणी ऐकलं न्हाय. सर वाईट न्हाईत. ते पालकांना भितात. मी पण पालकांना भिते, पण आज माझे पप्पा माझ्या बाजूनं हायेत.

हे घरून पाठ करून आणलेलं नव्हतं, हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज उरली नाही. सरांचं बोलणं होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. त्यांचे कान लाल झाले. एकदा त्यांनी बाळासोकडं बघितलं, एकदा खिडक्यांतल्या माना बघितल्या. मग त्यांनी तो कागद ओढून काढला, घडी करून खिशात घातला आणि बाकासकट सगळं प्रयोगशाळेत हलवायला सांगितलं. देखरेखीला ते स्वतः बसले. लेखनिक मुलीला सुट्टी मिळाली. तिला कधीचं खेळायलाच जायचं होतं.

त्या दिवशी अख्ख्या शाळेनं संयोगिताचा पेपर ऐकला. अक्का फाटकाबाहेर उभ्या राहून ऐकत होत्या. मधेच आवाज थांबला की त्यांचा जीव वर येई, आणि पुन्हा खाडखाड सुरू झाली की त्या शेजारी उभ्या असलेल्या बाळासोच्या पाठीत धपाटा घालत.

निकाल लागला. संयोगिता पास झाली, पण मराठीत मार्क सहामाहीपेक्षा बरेच कमी पडले. सरांनी तिघांना ऑफिसात बोलावलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"बोलीभाषेचे गेले, शुद्धलेखनाचे गेले. लेखनिक असती तर इतके गेले नसते. बघ बाई, अजून विचार कर."

"गेले ते माझेच गेले की, सर," संयोगिता म्हणाली. "ऱ्हायलेत ते बी माझेच हायेत. नववीला बी टाइपच करणार."

सरांनी सुस्कारा टाकला. "मग रीतसर परवानगी काढा. विद्यार्थिनीचा अर्ज लागेल." त्यांनी कपाटातनं नियमाचा कागद काढून वाचला. "स्वतःच्या हस्ताक्षरात."

 अक्कांची मान लालेलाल झाली. लिहिता येत नाही म्हणून टाइप करू द्या, हे पोरीनं हातानं लिहून द्यायचं? हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा क्लासात आणून बसवायला हवं होतं. त्या खुर्चीतनं उठल्या, पण संयोगितानं त्यांच्या दंडाला धरून त्यांना परत बसवलं.

कोपऱ्यात शाळेचा क्लार्क धैर्यशील कॉम्प्युटरवर दाखले काढत होता. संयोगिता त्याच्यापाशी गेली.

"दादा, सरका जरा."

धैर्यशीलनं सरांकडं बघितलं. सर अजून नियमाचाच कागद वाचत होते. तो सरकला.

"अगं, हस्ताक्षरात म्हटलंय ना नियमात," सर म्हणाले.

"मला जसं लिवता येतंय तसं मी लिवते," ती मागं न बघता म्हणाली. "न्हाय चाललं तर न्हाय म्हणून तुम्ही मला लिवून द्या, सर. तुमच्या हस्ताक्षरात."

तिनं कीबोर्ड पुढ्यात ओढला. सरांनी हातातला कागद टेबलावर ठेवला आणि खिशातलं पेन काढलं. मग ते पेन तसंच धरून, तिची दोन बोटं चाललेली बघत उभे राहिले.