आप्पांच्या हातची मांडणी

मी बोलतेय, तिसरीच्या वर्गातली पुस्तकांची मांडणी. खिडकीखाली भिंतीला टेकून उभी आहे ना, तीच. आप्पांनी मला घडवलं, म्हणून मी स्वतःला त्यांची धाकटी लेक समजते. थोरली म्हणजे या वर्गाच्या बाई.

आप्पा सुतार. बायको लवकर गेली, मुलीला त्यांनी एकट्यानं वाढवलं. ती शिक्षिका झाली तेव्हा म्हणाली, "आप्पा, पोरांचा हात पुरेल अशी एक मांडणी करून द्या." आप्पांनी रंधा मारून माझ्या फळ्या गुळगुळीत केल्या. कोपरे घासत घासत गोल केले. "पोरं धावणार, आपटणार. कुणाचं कपाळ फुटायला नको."

बाईंच्या पहिल्या शाळेत माझी उमर गेली. पोरांनी माझ्यावर नावं कोरली, माझ्यामागे डबे लपवले, एका कार्ट्यानं तर मेलेली पाल आणून ठेवली. मी सगळं पोटात घातलं.

मग आप्पा विसरायला लागले. आधी चष्मा, मग माणसांची नावं. एकदा गॅस तसाच चालू ठेवून बाहेर पडले. शेजारणीनं त्यांना भलत्याच रस्त्यावरून हाताला धरून घरी आणलं. शाळा लांब, बसनं जावं लागे, बाईंचा जीव टांगणीला. शेवटी त्यांनी राजीनामा दिला आणि घरामागच्या शाळेत नोकरी धरली.

जुन्या शाळेच्या मोठ्या बाई चिडल्याच. "वेडी का गं तू? मी निवृत्त झाले की ही खुर्ची तुझीच होती!"

"खुर्चीला दुसरं कुणीतरी मिळेल, मॅडम. आप्पांना कोण आहे?"

टेम्पोतून नव्या शाळेत येताना माझी मधली फळी निखळली. नव्या वर्गात ओल्या रंगाचा वास होता, बाकं एकावर एक रचलेली. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बाई वर्ग लावायला आल्या, सोबत आप्पा आणि त्यांची हत्यारांची पिशवी. आप्पांना खुर्चीत बसवून त्या बाकं ओढू लागल्या, फळा पुसू लागल्या. तोच आप्पा उठून माझ्याकडे आले.

माझा जीव हरखला. ओळखलं त्यांनी मला!

त्यांनी पटाशी काढली, खाच साफ केली, फळी बसवून हातोडीनं हलकेच ठोकली. हात कुठेही चुकला नाही. बाई फडकं हातात धरून तशाच बघत राहिल्या. मग आप्पांचा अंगठा माझ्या कोपऱ्यावरून फिरला.

"कुणी केलंय हो हे? पोरांचा विचार केलाय माणसानं."

"माझ्या वडिलांनी," बाई म्हणाल्या.

"आहेत का ते?"

बाईंनी हातातलं फडकं बाकावर ठेवलं. "आहेत."

"नशीबवान आहात. मलाही एक मुलगी आहे. फार हुशार! आई नाही बिचारीला..." बोलता बोलता त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि एकदम घाबरेघुबरे झाले. "बाई, मला निघायला हवं. ती शाळेतून येईल. दाराला कुलूप बघून पायरीवर रडत बसेल हो!"

"चला, मी सोडते तुम्हाला."

"छे छे, तुम्हाला उलटं पडेल."

"नाही पडत. माझी वाट तीच आहे."

बाईंनी त्यांचा हात धरला. परक्या बाईनं हात धरला म्हणून आप्पा संकोचले, पण त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

आता वर्ग भरलाय. माझ्यापुढे गोष्टींच्या पुस्तकांसाठी रोज ढकलाढकली चालते. मधल्या सुट्टीत बाई धावत घरी जातात, आप्पांना भरवतात, स्वतःचं तोंड धुऊन परत येतात. या काही महिन्यांत आप्पा अंथरुणाला खिळलेत. दिवसभर शेजारीण लक्ष ठेवते. परवा ती वर्गाच्या दारात येऊन सांगत होती, शाळा सुटायची घंटा घरात ऐकू जाते आणि ती वाजली की आप्पा लेकीला हाका मारत सुटतात. बाई उशाशी जाऊन बसल्या, तरी हाका थांबत नाहीत.

मला पाय आहेत, पण ते मला घेऊन जात नाहीत. तुम्ही त्या वाटेनं जाणार असाल, तर आप्पांच्या खिडकीशी क्षणभर थांबा. म्हणावं, आप्पा, पोर सुखरूप घरी आली. जेवली. अजिबात रडली नाही.

उद्या ते पुन्हा विचारतील. पुन्हा सांगा.